नितळ पाणी, निर्मळ पाणी



वाशिम जिल्ह्यात पुष्कळ घरी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी पितात. पाणी नितळ दिसले की आपण निश्चिंत होतो. परंतु केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार शेजारच्या बुलढाणा, अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांच्या भूजलात अनेक ठिकाणी नायट्रेट मर्यादेबाहेर आहे.

हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, सल्फ्युरिक ही आम्ले विद्यार्थ्यांना ठाऊक आहेत. त्यांचेच क्लोराइड, नायट्रेट व सल्फेट हे आयन पाण्यात विरघळलेले असतात. त्यांना वेगळे करून मोजणारी आयन क्रोमॅटोग्राफी १९७५ साली हॅमिश स्मॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे मांडली. रेझिनच्या बारीक मण्यांनी भरलेल्या नळीतून नमुना सोडतात. मण्यांना कमी चिकटणारे क्लोराइड आधी बाहेर येते, मग नायट्रेट, त्यानंतर सल्फेट. विद्युतवाहकतेवरून प्रत्येकाचे प्रमाण कळते.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते फार वाढल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

म्हणून पालकहो, बाळाच्या दुधात ते पाणी मिसळण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, ती तपासणी करणारा रसायनतज्ज्ञ उद्या तुमच्यातूनच निघावा, एवढीच अपेक्षा.