अंधारणारे दृष्टिपटल आणि मूलपेशी

दिवेलागणीच्या सुमारास अंगणातून घरात येताना दहा-बारा वर्षांचे मूल ओळखीच्याच उंबऱ्याला अडखळू लागते. घरची माणसे त्याच्या वेंधळेपणावर रागावतात. मग कोणी जाणते माणूस रातांधळेपणाचे नाव घेते आणि शेवग्याचा पाला, गाजर, पपई यांचा मारा सुरू होतो. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी आलेला रातांधळेपणा अशा आहाराने बरा होतोही. परंतु दुसरा एक रातांधळेपणा असा आहे की, त्याचे मूळ ताटात नसून आईबापांकडून आलेल्या जनुकांत असते. 'रेटिनायटिस पिग्मेंटोसा' हे त्याचे नाव. जगात सुमारे चार हजार माणसांमागे एकास तो जडतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जेथे आहे, तेथे एकच सदोष जनुक दोन्हीकडून मुलाच्या वाट्यास येण्याचा संभव वाढतो. सोयरीक जुळविताना घर, शेत, मानपान सारे पाहिले जाते. ही गोष्ट मात्र क्वचितच कोणी विचारतो.

डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला दृष्टिपटल असते. जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पण त्यात मंद प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या सुमारे ६० लाख शंकुपेशी दाटीने वसलेल्या असतात. त्यांच्या पाठीशी रंजकपेशींचा एक थर त्यांचे पोषण करीत असतो. या रोगात बहुधा दंडपेशी प्रथम मरतात. मग दृष्टीचा घेर आक्रसत जातो आणि रोग्यास जग बांबूच्या नळीतून पाहिल्यासारखे दिसू लागते. शेवटी शंकुपेशीही सोबत सोडतात. मोतीबिंदू झाला तर भिंग बदलता येते. दृष्टिपटल हा वस्तुतः मेंदूचाच बाहेर आलेला भाग होय. तेथील मेलेली पेशी मनुष्यशरीर पुन्हा घडवीत नाही.

येथेच मूलपेशींची आशा उभी राहते. मूलपेशी म्हणजे जिचे रूप अद्याप ठरलेले नाही आणि जिच्यापासून निरनिराळ्या पेशी घडविता येतात अशी पेशी. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी गर्भाच्या मूलपेशी प्रयोगशाळेत वाढविल्या. २००६ मध्ये क्योतोच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या सामान्य पेशींना चार जनुकांच्या साहाय्याने जणू बाल्यावस्थेत परत नेले आणि पुढच्याच वर्षी मानवी पेशींवर तीच किमया साधली. डोळा लहान आहे, बाहेरून न्याहाळता येतो, आणि तुलनेसाठी शेजारी दुसरा डोळा असतोच. म्हणून या पेशींची परीक्षा पाहण्यास तो सोयीचा ठरला.

२०१४ साली जपानमधील कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या पथकाने सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीच्या त्वचेपासून रंजकपेशींची चिमुकली चादर घडवून तिच्या डोळ्यात बसविली. तिचा विकार वार्धक्यातला होता, आनुवंशिक नव्हे. वर्षभराने पाहता दृष्टी सुधारलीही नव्हती, बिघडलीही नव्हती. पुढे २०२० मध्ये कोबे येथेच रेटिनायटिस पिग्मेंटोसाच्या रोग्याच्या डोळ्यात प्रकाशग्राही पेशींचे कलम करण्यात आले. अशा दोन रोग्यांचा वृत्तांत २०२३ साली प्रसिद्ध झाला. कलम दोन वर्षे टिकले, गंभीर अपाय झाला नाही आणि त्या डोळ्याचा ऱ्हास दुसऱ्याच्या मानाने मंदावलेला दिसला. एवढेच. परंतु 'एवढेच' म्हणण्याइतका प्रामाणिकपणा हीच त्या शास्त्रज्ञांची थोरवी आहे. कारण खरे संकट पेशी बसविण्यात नाही; नव्या पेशीने जुन्या मज्जातंतूंशी सूत जुळविले नाही, तर ती शेजारी असून बोलत नाही अशी गत होते.

जो हे सांगत नाही, त्याच्यापासून जपावयास हवे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २०१५ मध्ये एका खाजगी दवाखान्याने तीन वृद्ध स्त्रियांच्या पोटाच्या चरबीतून काढलेल्या तथाकथित मूलपेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या. त्यासाठी प्रत्येकीकडून ५,००० डॉलर घेतले. त्यांचाही विकार वार्धक्यातलाच होता. पण जी काही दृष्टी उरली होती, तीही जवळजवळ गेली. त्या उपचाराशी निगडित प्रयोगाची नोंद सरकारी यादीत होती, ही त्यातली विचार करण्याजोगी गोष्ट. नोंद म्हणजे मान्यता नव्हे. सरकारी दप्तराशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूत्रांनी रक्ताचे काही विकार वगळता रीतसर प्रयोगाबाहेर मूलपेशींचा उपचार करणे हा गैरव्यवहार ठरविला आहे. म्हणून कोणी डोळ्यासाठी 'मूलपेशींची सुई' देऊ करील, तर तो पैसे मागतो काय आणि दोन्ही डोळे एकदम हाती घेतो काय, एवढे दोन प्रश्न आईबापांनी विचारावे. उत्तर होकारार्थी आले तर तेथून उठावे.

आधी करावयाची गोष्ट निराळीच आहे, ती म्हणजे जनुकांची तपासणी. या रोगास कारण होणारी जनुके अनेक आहेत. त्यांपैकी 'आरपीई६५' या एका जनुकाच्या दोषावर निरोगी जनुक डोळ्यात सोडण्याचा उपचार २०१७ साली अमेरिकेत मान्य झाला. तो मूलपेशींचा नव्हे, पण नावे सारखी वाटल्याने घोटाळा होतो. तोवर त्या मुलासाठी अंगणात चांगला दिवा, वर्गात उजेडाची जागा आणि पुढे वेळेवर पांढऱ्या काठीचे शिक्षण, हे उपाय कोणत्याही गावी करता येतात.