भीती कोणत्या गोळीची?

दिवसभर काउंटरमागे उभं राहून पाय भरून येणाऱ्या माझ्या औषधविक्रेत्या बंधू-भगिनींनो,

ऑनलाइन विक्री आणि मार्जिन यांवर दुपारच्या सत्रात भरपूर वादावादी होईलच. मला बोलायचंय ते पेनकिलरबद्दल.

"अंगदुखीची गोळी द्या," असं म्हणत गिऱ्हाईक येतं. आपण पट्टीला कात्री लावून दोन गोळ्या कापून देतो. त्या तुकड्यावर बऱ्याचदा ना नाव उरतं, ना मुदत. कुठली गोळी घेतोय हे गिऱ्हाइकाला कळत नाही, पुढच्या डॉक्टरलाही नाही.

आणि गोळ्यागोळ्यांत तर फरक असतो. इजा झाली की पेशी प्रोस्टाग्लँडिन तयार करतात आणि नसांची टोकं हळवी होतात. अ‍ॅस्पिरिन हे प्रोस्टाग्लँडिनच बनू देत नाही, हे 1971 मध्ये शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी दाखवलं. 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक याच घराण्यातली. पण तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर जपतं आणि पाणी कमी पडलं की किडनीचा रक्तपुरवठा सांभाळतं. उन्हात घाम गाळून आलेल्या ऊसतोड कामगाराला आपण रोज हीच गोळी देत राहिलो, तर ठणका थांबेल आणि किडनी हकनाक झिजेल. गिधाडांचं काय झालं? डायक्लोफिनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जातच राहिल्या; 2015 मध्ये इंजेक्शनच्या कुपीवर 3 मिलीची मर्यादा घालावी लागली.

पॅरासिटामॉलची जात वेगळी. त्याचं काम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत चालतं. सूज फारशी उतरत नाही, पण पोटालाही जाच नाही. डेंग्यूची शंका असेल तर हेच द्यायचं, कारण अ‍ॅस्पिरिन-आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. मात्र धडधाकट प्रौढालाही दिवसाला 4 ग्रॅमच्या वर नाही, नाहीतर लिव्हर जातं. तापाच्या गोळीत ते, सर्दीच्या गोळीत ते, कंबरदुखीच्या कॉम्बिनेशनमध्येही तेच! म्हणून "काका, आणखी कुठली गोळी चालू आहे?" एवढं विचाराच.

मधुमेहींच्या तळपायांची आग हे नसांचं दुखणं. तिथे या गोळ्या फारशा चालत नाहीत. डॉक्टर प्रीगाबालिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिन लिहितात ते उगाच नव्हे.

आणि मॉर्फिन? त्याचं नाव काढलं की आपल्याला दरदरून घाम फुटतो. मॉर्फिन मज्जारज्जू आणि मेंदूतल्या ओपिऑइड रिसेप्टरांना चिकटतं आणि वेदनेचा निरोप वर पोचू देत नाही. अमेरिकेत ओपिऑइडच्या व्यसनाने जो हाहाकार माजवला तो मला ठाऊक आहे. आपल्याकडेही 2018 मध्ये ट्रॅमाडॉल एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावं लागलं. पण कॅन्सरने तळमळणाऱ्या माणसाला मोजून-मापून दिलेलं मॉर्फिन ही चैन नव्हे. 1985 च्या याच कायद्याने ते दुर्मीळ केलं, 2014 च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, तरी आपण दचकतोच. जी गोळी रोज पोट आणि किडनी बिघडवते ती न विचारता सुटी विकायची आणि मॉर्फिनची चौकशी आली की हात झटकायचे, हा उलटा न्याय आहे.

म्हणून आजच्या ठरावांत दोन गोष्टी घालाव्यात असं मी सुचवतो. सुट्या गोळ्या नाव, मुदत आणि मात्रा लिहिलेल्या पाकिटातच द्यायच्या. आणि आपल्या जिल्ह्यात मॉर्फिन नेमकं कुठे मिळतं, त्याचा पत्ता प्रत्येक काउंटरवर ठेवायचा.