घरातील पंखा : निवड आणि वापर
(संस्थेच्या पालकसभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर विद्वान मंडळी येतात. मी वायरिंगच्या कामात आयुष्य घालविलेला माणूस. तेव्हा मला ठाऊक असलेल्या विषयावरच बोलतो. आपल्याकडे परीक्षेचे दिवस आणि उन्हाळा बरोबरच येतात. पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर बसून मुले अभ्यास करतात, आणि त्यांच्या डोक्यावर असतो तो पंखा. त्याची निवड मात्र आपण रंग आणि किंमत पाहून करतो.

पहिली गोष्ट ही, की पंखा खोली थंड करीत नाही, तो माणसाला थंड करतो. अंगावरचा घाम वाऱ्याने सुकतो आणि सुकताना अंगातील उष्णता घेऊन जातो, म्हणून गार वाटते. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा कोणालाच गारवा देत नाही, उलट त्याची मोटर खोलीत थोडी उष्णताच सोडते. "येईपर्यंत खोली थंड होऊ दे" म्हणून पंखा चालू ठेवणे हा निव्वळ भ्रम आहे. ज्या खोलीत माणूस नाही, तिथला पंखा बंद, हा घराचा नियम करा.

आता निवड. दुकानात गेल्यावर दुकानदार प्रथम विचारतो, "खोली केवढी?" प्रश्न योग्य आहे. 10 बाय 12 फुटांच्या नेहमीच्या खोलीला 1200 मिलिमीटरचा, म्हणजे 48 इंची पंखा पुरतो. स्वयंपाकघर किंवा लहान खोली असेल तर 900 मिलिमीटरचा. मोठा दिवाणखाना असेल तर एका मोठ्या पंख्यापेक्षा दोन पंखे अधिक सोयीचे, कारण जिथे माणसे बसली आहेत तिथलाच चालू ठेवता येतो.

यानंतर पट्टी वाचा. 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांवर तारांकनाची पट्टी सक्तीची झाली आहे. तारे मोजाच, पण दोन आकडेही शोधा : पंखा किती वॅट वीज घेतो आणि मिनिटाला किती घनमीटर हवा देतो. हवेच्या आकड्याला वॅटने भागा. उत्तर जितके मोठे, तितका पंखा काटकसरी. केवळ वेगाने फिरतो म्हणून पंखा चांगला ठरत नाही. पात्यांचा आकार आणि तिरकेपणा बरोबर नसेल, तर वेग असूनही वारा लागत नाही.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमचे गणित. जुन्या पद्धतीचा पंखा साधारण 75 वॅट घेतो. अलीकडचा बीएलडीसी पंखा, ज्याच्या मोटरीत कायमचे चुंबक असते, तेवढीच हवा सुमारे 30 वॅटमध्ये देतो. रोज 10 तास चालविला तर महिन्याला पहिला साडेबावीस युनिट खातो, दुसरा 9. घरात असे दोन पंखे असतील तर महिन्याला 27 युनिटांचा फरक. युनिटला 8 रुपये धरले तर 216 रुपये. शिवाय महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिटांच्या पुढील युनिटांना चढा दर लागतो. म्हणून जे घर शंभराच्या काठावर आहे, त्याला हा फरक अधिक जाणवतो. वर्षाकाठी एवढ्या रकमेत मुलाच्या वह्या आणि पुस्तके येतात.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हा पंखा महाग असतो आणि आतील सर्किट बिघडले तर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला ते दुरुस्त करता येईलच असे नाही. म्हणून किती वर्षांची हमी आहे आणि दुरुस्ती कुठे होते, हे विचारूनच घ्या. तो जुन्या रेग्युलेटरवर जोडू नये, वेग रिमोटनेच कमी-जास्त करावा. पैसे एकदम जमत नसतील तर सगळे पंखे बदलू नका. जो पंखा रात्रभर चालतो, तो आधी बदला.

जुना पंखाही नीट ठेवला तर पुष्कळ काम देतो. पंखा हळू झाला म्हणजे मोटर जळाली असे नव्हे. बहुधा कपॅसिटर कमजोर झालेला असतो आणि तो थोड्या पैशांत बदलतो. मोठ्या डब्याचा जुना रेग्युलेटर वेग कमी करताना उरलेली वीज उष्णतेत घालवतो, म्हणून तो काढून इलेक्ट्रॉनिक बसवा. पात्यांवर धूळ साचली की वारा कमी होतो आणि पंखा डुगडुगतो. बटण बंद करून, उशीचा जुना अभ्रा पात्यावर चढवून ओढून घ्या, धूळ आतच राहते.

आता माझीच चूक सांगतो. माझ्या घरचा पंखा काही दिवस टक-टक आवाज करीत होता. लोकांच्या घरची कामे करण्यात मी गुंग. "रविवारी बघतो" म्हणत महिना गेला. एका संध्याकाळी दांडीचा बोल्ट सुटला आणि पंखा खाटेवर कोसळला. त्याच खाटेवर बसून माझी मुलगी अभ्यास करीत असे. त्या वेळी ती आईच्या हाकेने आत गेली होती. नट घट्ट ठेवणारी काही पैशांची पिन तिथे नव्हती. तो पंखा मीच टांगलेला होता.

म्हणून वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी, जाणत्या माणसाकडून छताचा हूक, बोल्ट, पिन आणि वायर तपासून घ्या. गंजलेला हूक बदलाच. पाती जमिनीपासून 8 ते 9 फूट उंच असावीत. पत्र्याचे छत ठेंगणे असेल तर छताचा पंखा लावू नका, जाळीचा भिंतीवरचा लावा. पंख्याखाली उंच पलंग नको. अर्थिंगची वायर जोडलेली असावी.

शेवटी एक इशारा. हवेचे तपमान 40 अंशांच्या वर गेले की केवळ पंख्यावर विसंबू नका. तेव्हा तो गरम हवाच अंगावर आणतो, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. अशा दुपारी अंग ओले करा, पाणी प्या, वृद्धांना आणि तान्ह्या मुलांना सावलीच्या गार जागी न्या. संध्याकाळी बाहेरची हवा निवळली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा.

मुलांनो, आज घरी गेल्यावर प्रत्येक पंख्याचे वॅट आणि रोजचे तास वहीत लिहा आणि हिशेब अब्बा-अम्मींना दाखवा. पालकहो, आपण फक्त मान वर करून हूक पाहा.