केसपेपरवरचा रिकामा रकाना



निमंत्रणपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘ॲलोपॅथीकडून आयुर्वेदाकडे’ असा छापला आहे. संयोजकांची माफी मागून सांगते, मी इकडून तिकडे गेलेली नाही. बीपी मोजून अम्लोडिपिन लिहिणारी एम.डी. मेडिसिन मी तेव्हाही होते, आजही आहे. फरक इतकाच, की पूर्वी काढ्याचूर्णाचं नाव निघालं की मी विषय बदलायचे, आता खुर्ची पुढे ओढते.

हे रुग्णांनी करायला लावलं. मधुमेहाच्या एखाद्या आजींना “आणखी कसली औषधं घेता का?” असं विचारून बघा. “नाही हो डॉक्टर, काही नाही.” मग विचारा, “देशी, झाडपाल्याचं काही?” की कापडी पिशवी टेबलावर येते. मेटफॉर्मिनच्या पाकिटामागून जांभळाच्या बियांची पूड निघते, सुनेनं आणलेली गुळवेलीच्या रसाची बाटली निघते आणि तळाशी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेल्या काळ्या गोळ्या. नाव नाही, गाव नाही. गुडघ्यासाठी म्हणून आठवडी बाजारात कुणीतरी दिलेल्या. आजी खूश, गुडघा दुखायचा थांबलाय! चेहरा मात्र गोल होत चाललाय, साखर चढलीय, जरासा धक्का लागला तरी हातावर काळानिळा डाग उमटतो. अशा बेनामी गोळ्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. यात आयुर्वेद कुठेच नाही, बदनाम मात्र तोच होतो. आणि “आजपासून बंद करा” म्हणून मोकळं व्हावं तर स्टिरॉइड एकदम थांबवणं जिवावर बेतू शकतं.

दोन पॅथींचा संगम व्हावा की नाही, यावर आपण परिसंवाद भरवतो. आजींच्या पिशवीत तो कधीच झाला आहे. डॉक्टर आणि वैद्य, दोघांनाच त्याचा पत्ता नसतो.

मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेवर निबंध छापला आणि परदेशी डॉक्टर रक्तदाबासाठी या मुळीकडे वळले, हे आपण सगळे अभिमानानं सांगतो. मला मात्र वळण लावलं डॉ. शरदिनी डहाणूकरांच्या कामानं. मराठी वाचक त्यांना झाडाफुलांवरच्या लेखनामुळे ओळखतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या औषधशास्त्र विभागात आयुर्वेदावर जे संशोधन उभं राहिलं, ते त्यांच्या पुढाकारानं. १९९३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गुळवेलीवर एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोगाच्या गाठीनं पित्तमार्ग तुंबून कावीळ झालेले तीस रुग्ण. अशांची प्रतिकारशक्ती इतकी खालावलेली असते, की शस्त्रक्रिया साधली तरी पुढे जंतुसंसर्ग रक्तात पसरून घात होतो. काहींना पित्त बाहेर काढण्यासह नेहमीचे उपचार दिले, काहींना त्यांच्या जोडीला गुळवेल दिली. पहिल्या गटात निम्म्यांना रक्तात संसर्ग झाला, दुसऱ्यात एकालाही नाही. तीस रुग्ण म्हणजे थोडेच, पण प्रश्न किती नेमका होता पाहा. ‘गुळवेल चांगली का?’ असा नव्हता. कुणाला, कधी, कशाच्या जोडीनं, असा होता.

आता याच गुळवेलीची दुसरी बाजू, आणि तीही मुंबईतलीच. कोविडच्या पहिल्या वर्षी घरोघर तिचा काढा उकळत होता. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं उत्तर दिलं, की तशीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. लगेच दोन तट पडले. माझ्या वैद्य मित्रांना १९९३ चा निबंध पाठ, माझ्या एम.डी. मित्रांना २०२१ चा. दोन्ही वाचलेला माणूस शोधावा लागतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं. दुसरी वेल होती असं मानलं, तरी ती बाटलीत शिरलीच कशी, हा प्रश्न वैद्यांनीच पहिल्यांदा विचारायला हवा होता.

क्षारसूत्राचं तसं झालं नाही. भगंदरावरचा हा सुश्रुतापासूनचा उपाय बनारस हिंदू विद्यापीठात पुन्हा वापरात आला. लिननचा दोरा ताणून बांधायचा आणि त्यावर एकवीस लेप द्यायचे. अकरा निवडुंगाच्या चिकाचे, सात चिकासोबत आघाड्याच्या क्षाराचे, शेवटचे तीन चिकासोबत हळदीचे. प्रत्येक लेप वाळल्याशिवाय पुढचा द्यायचा नाही. हा दोरा भगंदराच्या मार्गातून ओवून बांधतात आणि दर आठवड्याला बदलतात. तो कापत जातो, मागून जखम भरत येते. आयसीएमआरनं शस्त्रक्रियेशी त्याची रीतसर तुलना करून १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. बरं व्हायला दोऱ्यानं आठ आठवडे, शस्त्रक्रियेनं चार. पण भगंदर उलटण्याचं प्रमाण दोऱ्यानंतर चार टक्के, शस्त्रक्रियेनंतर अकरा. आता माझ्या रुग्णाला मी दोन्ही आकडे सांगते. रोजंदारीवर जाणारा एक निवडतो, बैठं काम करणारा दुसरं. ‘तुमचा आयुर्वेदावर विश्वास आहे का?’ हे विचारायची वेळच येत नाही.

गुग्गुळाची गोष्ट थोडक्यात. बनारसमधल्या १९६६ च्या प्रबंधानं कोलेस्टेरॉल उतरवण्याची मोठी आशा दाखवली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत एलडीएल उतरण्याऐवजी जरा चढलंच, काहींच्या अंगावर पुरळ आलं. म्हणून कोलेस्टेरॉलसाठी मी गुग्गुळ लिहीत नाही. माझे काही वैद्य मित्र यावर नाराज आहेत. ती नाराजी मला मान्य आहे.

२०२० मध्ये शल्यतंत्राच्या पदव्युत्तर वैद्यांना शस्त्रक्रियांची परवानगी देण्यावरून डॉक्टरांचा संप झाला, त्याबद्दल मी बोलावं अशी काहींची अपेक्षा दिसते. अधिकार कुणाचा, हे कायदा ठरवील. मला चिंता नोंदीची आहे.

म्हणून संमेलनापुढे एकच ठराव ठेवते. आपल्या प्रत्येक केसपेपरवर एक रकाना छापून घ्या: इतर औषधं, कुणी दिली, कधीपासून, पाकिटावर काय लिहिलंय. डॉक्टरांनी त्यात चूर्णाचं नाव लिहावं. वैद्यांनी चालू असलेल्या ॲलोपॅथीच्या गोळ्या लिहाव्यात आणि लांबणाऱ्या उपचाराआधी यकृताची, मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. दुष्परिणाम कळवायची सरकारी व्यवस्था दोन्हीकडे आहे, फॉर्म भरायचा कंटाळा आपला आहे.

उद्या दुपारच्या सत्रात एक डॉक्टर आणि एक वैद्य अशा जोड्या आपापले रुग्ण मांडणार आहेत. बरे झालेले आणायला सगळेच तयार आहेत. मी संयोजकांना सांगितलंय, प्रत्येक जोडीनं उपचार फसलेला किमान एक केसपेपर आणल्याशिवाय तिला माइक देऊ नका.