एक वर्ग, दोन शिक्षक
(अध्यापक महाविद्यालयातील व्याख्यानाचा मजकूर)



उद्या तुम्ही सहावीच्या वर्गावर उभे राहाल. तेथे एखाद्या मुलाला फळ्यावरचे दिसत नसेल, एखादीला कमी ऐकू येत असेल. एखादा तोंडी उत्तरे बिनचूक देईल, पण लिहिताना अडेल. त्यांना विशेष शाळेत पाठवून मोकळे होता येणार नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. पसंती त्याची, आपली नव्हे. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा विद्यार्थ्यांसाठी विशेष शिक्षकांचे तात्पुरते प्रमाणही सांगितले.

पण हा दुसरा शिक्षक वर्गात आला म्हणजे काय करायचे? बी.एड.ला समावेशक शिक्षणाचा विषय आहे, त्याची प्रश्नपत्रिकाही आपण सोडवतो. सराव पाठ मात्र एकट्याचा! टाचण एकट्याने काढायचे, पाठ एकट्याने घ्यायचा, प्राध्यापक मागच्या बाकावर बसून शेरे लिहिणार. मग पुढे विशेष शिक्षक आला की आपण म्हणतो, "तुमची दोन मुले घेऊन व्हरांड्यात बसा." 'तुमची मुले' हा शब्द मला फार खुपतो. हजेरीपट तर आपल्याच हातात असतो ना?

अमेरिकेतील मेरिलिन फ्रेंड व लिन कुक यांनी सह-अध्यापनाच्या निरनिराळ्या पद्धती मांडल्या आहेत. त्यांतली एक पाहा. पूर्णांकांची बेरीज शिकवायची आहे. वर्गाचे दोन गट करा. तुम्ही एका गटाला फळ्यावर संख्यारेषा समजावून द्या. विशेष शिक्षक दुसऱ्या गटाला जमिनीवर खडूने आखलेल्या रेषेवरून चालवील : अधिक तीन म्हणजे उजवीकडे तीन पावले, उणे पाच म्हणजे डावीकडे पाच. कमी दिसणाऱ्या मुलाच्या हाती गाठी मारलेली सुतळी, शून्यापाशी एक बटण ओवलेले. वीस मिनिटांनी गट बदलावेत. त्या सुतळीचा उपयोग धड दिसणाऱ्या, पण उणे संख्येला बिचकणाऱ्या मुलांनाही होतो.

अर्थात, हा शिक्षक अनेक शाळांत रोज नसतो. गट साधन केंद्रातून ठरल्या दिवशी येतो. म्हणूनच आधीची पंधरा मिनिटे मोलाची. नवा भाग कोणी सांगायचा, वह्या कोणी पाहायच्या, चाचणी तोंडी की लेखी, हे टाचणातच ठरले पाहिजे. अभ्यासक्रम तुम्हाला ठाऊक, मुलाची अडचण कोठे आहे ते त्याला.

खरी गोम निराळीच आहे. आपल्या बी.एड.ला मान्यता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, विशेष शिक्षकाच्या प्रशिक्षणावर देखरेख भारतीय पुनर्वास परिषदेचीही. महाविद्यालये बहुधा वेगळी, सराव वेगळा. एकाच गावात शिकूनही दोघांची गाठ पडत नाही. ती नोकरी लागल्यावरच का पडावी?

प्राचार्य महोदय, सराव पाठांचे वेळापत्रक लावताना प्रत्येकाचे निदान दोन पाठ विशेष बी.एड.च्या विद्यार्थ्याबरोबर ठेवावेत. टाचण एकच असावे, त्यावर सह्या दोघांच्या असाव्यात आणि गुणही दोघांना सारखेच मिळावेत.