आईचं अर्धं तिकीट, माझंही अर्धं

आजचा भाग जरा घरगुती आहे, चालवून घ्या.

माझा एक मित्र उन्हाळाभर फ्रान्समध्ये राहिला होता. आव्हिन्यों, आर्ल अशी जुनी गावं साध्या रेल्वेने, निवांत, एकेक करून बघायचा आणि ग्रुपवर फोटो टाकायचा. मी तेव्हा नाशिकरोडला, घरी. 2024 चा मे महिना. आईला सांगितलेलं, वर्क फ्रॉम होम आहे. खरं तर एप्रिलमध्येच कंपनीने आमची अख्खी टीम काढली होती.

म्हणजे वेळ भरपूर, पैसे मोजके. आणि मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. मी आईला म्हटलं, रविवारी निघूया. एका दिवसात एकच गाव, आणि गाडी करायची नाही.

पहिलं सिन्नर. आईला नाशिकरोडला येऊन तीस वर्षं झाली, शिर्डीला जाताना सिन्नरवरून शंभरदा गेली असेल, पण गोंदेश्वर पाहिलं नव्हतं. देवगिरीच्या आधी यादवांची राजधानी इथे होती. देऊळ साधारण बाराव्या शतकातलं. मधे महादेवाचं मोठं, चार कोपऱ्यांत विष्णू, सूर्य, गणपती आणि पार्वतीची लहान देवळं, म्हणजे पंचायतन. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी आठलाच पोचा. दहानंतर काळा दगड असा तापतो की प्रदक्षिणा नाचत घालावी लागते!

आम्ही तीन तास होतो. सावली सरकेल तशा सरकत बसलो. आई शिखराकडे बघत म्हणाली, "अगं, ही एवढीएवढीशी शिखरंच एकावर एक रचलीत की. वर जातील तशी बारीक." मला एकदम रिकर्शन आठवलं, मग ऑफिस आठवलं, आणि तोंडातून निघून गेलं, "आई, नोकरी गेलीय माझी."

"माहितीये. महिना झाला, तुला एक फोन नाही आला ऑफिसचा," असं म्हणून तिने डबा उघडला. मेथीचे ठेपले होते.

त्यानंतरचे रविवार तिनेच ठरवले. चांदवडला रेणुकामाता आणि होळकरांचा रंगमहाल. लाकडी खांबांवरचं कोरीव काम सुंदर आहे, पण खरं सांगू, आम्ही उन्हाने बेजार झालो होतो.

येवल्याला मात्र रेल्वेने मनमाडपर्यंत. ओढा, खेरवाडी, निफाड, लासलगाव... आईला खिडकी. मनमाडहून एसटी, वाटेत अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले. येवला म्हणजे तात्या टोपेंचं जन्मगाव. 1935 मध्ये बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेही इथेच. त्या मुक्तिभूमीवर जाऊन आलो. मग एका विणकराच्या घरी. मागावर पदर चढलेला, रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या एकेक रंग घेऊन आत-बाहेर, आणि तासाभरात मोराची जेमतेम मान झाली. आईने पदर उलटून बघितला. मागूनही तस्साच.

"घ्यायची?" मी उगाच विचारलं.

"आत्ता नाही," म्हणाली, आणि त्या काकांचा नंबर घेतला. ऑगस्टमध्ये मी पुण्याला नव्या नोकरीवर रुजू झाले. परवा तिच्या फोनमध्ये काहीतरी शोधत होते, तर नंबर अजून आहे. 'येवला मोरवाले' नावाने.