कुठून मोजलं?

लांबलांबून आलेल्या लेणीप्रेमी मित्रमैत्रिणींनो, आणि रविवारची हक्काची झोप मोडून आलेल्या माझ्या महाळुंगेकरांनो,

स्वागताआधी एक चौकशी करतो. सगळे पोचलात ना? पुणे जिल्ह्यात महाळुंगे काही एकच नाही. एक आहे बालेवाडीला खेटून, क्रीडानगरीपाशी. दुसरं महाळुंगे पडवळ, आंबेगाव तालुक्यात. आणि हे आमचं महाळुंगे इंगळे, खेड तालुक्यातलं, तळेगाव-चाकण रस्त्यावरचं. सकाळपासून आमचे कार्यकर्ते फोनवर एवढंच सांगतायत, की साहेब, तुम्ही बालेवाडीकडं गेलात, आता मागं फिरा. रात्रंदिवस कंटेनर धावणाऱ्या गावाची ही गत, तर डोंगरातल्या कातळात कुठंतरी असलेल्या दोन खोल्यांच्या लेण्याची काय असेल, ते तुम्हीच जाणता. असो. उशिरा येणाऱ्यांसाठी चहा पुन्हा ठेवलाय.

मी लेण्यांतला तज्ज्ञ नाही. माझी इथं एमआयडीसीत छोटी टूलरूम आहे. मोठ्या गाडीवाल्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांना आम्ही डाय आणि फिक्श्चर करून देतो. म्हणजे आम्ही पुरवठादारांचे पुरवठादार. स्वागताध्यक्ष केलंत ते बहुतेक हॉल आणि जेवण माझ्याकडं लागलं म्हणून. पण माईक हातात आलाच आहे, तर माझ्या धंद्यातला एक प्रश्न तुमच्यापुढं ठेवतो. आमच्याकडं नवीन पोरगा व्हर्नियर घेऊन येतो आणि सांगतो, "सर, ४२ भरतंय." त्याला पहिला प्रश्न ठरलेला: कुठून मोजलं? डेटम कुठला धरलास? तो सांगता आला नाही, तर ते माप कागदावर चढत नाही.

हा प्रश्न मी कार्ल्याला विचारून बघितला. आपल्या घरापासून तासाभरावर असलेलं चैत्यगृह, देशातल्या सर्वांत मोठ्या कोरीव चैत्यगृहांपैकी. त्याची लांबी जुन्या इंग्रजी ग्रंथांत १२४ फूट तीन इंच आहे, म्हणजे ३८ मीटरच्या जरा आत. अलीकडं ठिकठिकाणी सापडते ती ४५ मीटर. सात मीटरचा फरक! दगड काही दीडशे वर्षांत वाढलेला नाही. एकानं आतल्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत धरलं असेल, दुसऱ्यानं पुढची ओसरीही मोजली असेल. दोघंही बरोबर असू शकतात. पण कुठून कुठपर्यंत हे आकड्याबरोबर येत नाही, आणि माहिती सांगणारा दोन्हींतला मोठा आकडा उचलतो. मोठा आकडा ऐकायला बरा वाटतो.

वेरूळच्या कैलासात तर हे फारच होतं. तिथं पाच मिनिटं उभं राहा, कानावर येतंच की चार लाख टन दगड फोडून काढला. कोणी दोन लाख म्हणतं. मी तिथं मोबाइलवर गुणाकार करत बसलो आणि घरची मंडळी पुढं निघून गेली. लेण्यांचा अभ्यासक बर्जेस, त्याच्या काळापासून छापली जाणारी मापं अशी: अंगण २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, मागचा कडा १०७ फूट उंच. तिन्ही गुणा, साधारण ४५ लाख ४८ हजार घनफूट येतात, म्हणजे सुमारे एक लाख २९ हजार घनमीटर. आपला काळा बेसॉल्ट घनमीटरला तीन टन धरा, म्हणजे सढळ हातानं धरलं. तरी तीन लाख ८७ हजार टनच होतात. तेही मधे देऊळ नाहीच असं समजून, आणि सगळीकडं मागच्या कड्याइतकीच खोली धरून. प्रत्यक्षात कडा पुढच्या बाजूला उतरत येतो आणि मधे एवढं मोठं देऊळ उभं आहे. बाजूच्या दालनांचा दगड यात मिळवला, तरी चार लाखाची बेरीज जमत नाही. दोन लाखाच्या आसपासचा आकडा पटण्यासारखा आहे. हे करायला पुरातत्त्वाची पदवी लागत नाही. आठवीचं गणित पुरतं.

लेणी मोजण्याचा इतिहास तुम्ही मंडळी माझ्याहून चांगला जाणता, म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही. मला त्यातला जेम्स फर्ग्युसन जवळचा वाटतो, कारण तोही मुळात धंदेवाईक माणूस. बंगालात निळीचा व्यापार केला, पैसा मिळवला आणि मग देशभर लेणी-देवळं बघत, मोजत हिंडला. १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढं त्यानं कोरीव लेण्यांवरचा निबंध वाचला. त्यानंतर सोसायटीनं कंपनी सरकारकडं लेण्यांच्या जपणुकीसाठी अर्ज केला, आणि मुंबईत लेण्यांसाठी कमिशन बसलं. १८८० साली त्यानं आणि बर्जेसनं मिळून लेण्यांवरचा तो जाडजूड ग्रंथ काढला. पुढच्याच वर्षी बर्जेस आणि आपले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेण्यांतले शिलालेख एकत्र छापले. त्याआधी डॉ. भाऊ दाजी लाड अजिंठ्याचे लेख वाचत बसले होते. इतका खटाटोप झाला. तरी आजही बऱ्याच पुस्तकांत त्या काळातलेच नकाशे पुन्हापुन्हा छापले जातात. आमच्याकडं एवढं जुनं ड्रॉईंग कोणी आणलं, तर आधी विचारतो, रिव्हिजन कुठली?

आज तुमच्यापैकी काही जणांकडं लेझर स्कॅनर आहेत. फोटोंवरून त्रिमिती प्रतिकृती करणारी पोरं-पोरीही इथं बसली आहेत. उत्तमच. पण विहाराची एकही भिंत काटकोनात नसते, जमीन पाणी निघावं म्हणून कधी उतरती केलेली असते, आणि दार ज्यावर फिरायचं ती गोल खळगी उंबऱ्यापाशी अर्धी झिजलेली असते. अशा जागी सोळा लाख बिंदूंच्या ढगानंही प्रश्न सुटत नाही. कुठला बिंदू शून्य धरला, ते माणसानंच लिहावं लागतं. बाहेरच्या देशांत नैसर्गिक गुहांत उतरणाऱ्यांची एक पद्धत मला आवडली. ब्रिटिश गुहा-मापकांच्या नकाशावर मापाचा दर्जा लिहिलेला असतो. पाचवा दर्जा म्हणजे कोन एका अंशापर्यंत, अंतर सेंटिमीटरपर्यंत, आणि जिथून मोजलं ते ठिकाण दहा सेंटिमीटरच्या आत निश्चित. पहिला दर्जा म्हणजे अंदाजे काढलेलं चित्र. अंदाजे काढलंय एवढं कबूल असेल, तर त्या चित्राचाही उपयोग होतो. मेघालयात क्रेम पुरी ही वाळूच्या दगडातली गुहा मापकांनी आत रांगत जाऊन जवळपास साडेचोवीस किलोमीटर मोजली, तीही अशाच शिस्तीनं.

आता माहिती सांगणाऱ्यांबद्दल. इथं काही गाईड मंडळी आहेत, त्यांनी रागावू नये. उन्हातान्हात तेच उभे असतात, आम्ही एसी गाडीतून येतो. पण भाजे लेण्यात एका शिल्पावरून "हा दोन हजार वर्षांपूर्वीचा तबला" असं ठासून सांगतात. दगडात दिसतं ते एवढं, की एक स्त्री बसून उभट वाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. तबला हा आपण काढलेला निष्कर्ष. अजिंठ्याला क्रमांक एकच्या लेण्यात शिरताना "हे सगळ्यात आधीचं" असं म्हणणारेही भेटतात. क्रमांक वाटेनं चालत जाताना पडलेले आहेत. सगळ्यांत जुनी म्हणतात ती नऊ आणि दहा. आणि पांडवांनी एका रात्रीत कोरलं, ही कथा तर प्रत्येक डोंगराला आहे.

ती कथा पुसून टाका, असं मी मुळीच म्हणत नाही. गावानं हजार वर्षं जपलेली कथा हाही पुरावाच. त्यानं दगडाबद्दल कळत नसेल, गावाबद्दल कळतं. माझं म्हणणं इतकंच, की दगडावर कोरलेलं काय, गावानं सांगितलेलं काय आणि आपला तर्क काय, हे तिन्ही वेगळे सांगा. प्रत्येक फलकावर आणि प्रत्येक सहलीत. लोक हुशार आहेत, त्यांना तिन्ही आवडतात.

दगडावरचंच बघायचं तर इथून जवळच्या घोरावडेश्वराला जा, शेलारवाडीला. देहूरोडच्या वाहतुकीत अडकलात की वरच्या डोंगरात तेच. तिथं एका शेतकऱ्याच्या बायकोनं दान दिल्याचा लेख आहे. नवऱ्याचं नाव उसभणक, तिचं सिअगुतनिका, राहणार धेनुकाकट. सोबत मुलगा नंद. महाशिवरात्रीला तिथं रांग लागते, त्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या बाईला कोणी हे वाचून दाखवावं. धेनुकाकट नेमकं कुठलं, यावर मात्र विद्वानांचं अजून एकमत नाही, म्हणून कोणी बोट दाखवून "ते काय तिथं" म्हणालं, तर विचारा, कुठून मोजलं?

आमच्या औद्योगिक पट्ट्याला मनानं जवळची लेणी जुन्नरची. नाशिक रस्त्याला लागलं की, राजगुरुनगर आणि नारायणगावच्या कोंडीची कृपा असेल तर, दीड-दोन तासांत पोचता. तिथल्या लेखांत बुरुडांची आणि कासारांची श्रेणी येते, म्हणजे त्या काळच्या कारागिरांच्या संघटना. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं तर सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. देणगीदाराचं नाव दगडावर घालायची हौस आपली दोन हजार वर्षांची आहे, हे वाचून मला जरा बरं वाटलं. पण फरक बघा. त्यांनी नाव एका ओळीत घातलं आणि काय दिलं ते नगासहित लिहिलं: खोल्या सात, टाकं एक. कोणीही आत जाऊन मोजून घ्यावं. सीएसआरच्या पैशातून लेण्याच्या तोंडाशी लोगोसकट होर्डिंग उभं करणाऱ्या माझ्या उद्योजक मित्रांनी तो लेख एकदा बघून यावा.

त्याच जुन्नरच्या लेण्याद्रीवर पायऱ्या किती? कोणी २८३ सांगतं, कोणी ३०७. रोज हजारो भाविक चढतात, तोंडानं मोजत चढतात, आणि आकडा अजून ठरलेला नाही. गिरिजात्मजाचं दर्शन घ्यायचं आणि शेजारच्या सहाव्या लेण्यातलं चैत्यगृह न बघता उतरायचं, हीसुद्धा रीतच झाली आहे. ते चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्तानं दिलं. दोन्ही बघायला आणखी दहा मिनिटं पुरतात.

वाटेचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्यावर इथं दुपारी वाजणार आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रत्येक लेण्यापर्यंत गाडीरस्ता नको. फ्रान्समध्ये लास्कोची चित्रं माणसांच्या श्वासानं बिघडायला लागली, तेव्हा १९६३ साली ती गुहा लोकांना बंद केली आणि पुढं शेजारी प्रतिकृती उभी केली. अजिंठ्यालाही गाड्या चार किलोमीटर अलीकडं थांबवल्या, ते योग्यच झालं. पण बंदी म्हणजे कुलूप लावून किल्ली कोणाकडं ते न सांगणं, असं होऊ नये. दुरून आलेल्या माणसाला अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असतं, हे दारात कळू नये, घरीच कळावं. जिथं देव आहे तिथं टाइल्स आणि ऑइलपेंट लावण्याआधी कोणाला विचारायचं, हे गावकऱ्यांना माहीत असावं. पुरातत्त्व खात्यानं गावकऱ्यांवर नुसत्या नोटिसा चिकटवू नयेत, वर्षातून एकदा चावडीत येऊन बसावं. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला मनाई आणि पुढं २०० मीटर परवानगीचं, हा नियम शेतकऱ्याला कळतो तो बहुतेक वेळा विहिरीचं काम अडल्यावर. मग त्याला लेणं आपलं कसं वाटणार?

आमच्या भामचंद्राचंच घ्या. शिंदे-वासुलीच्या डोक्यावरचा हा डोंगर. तुकोबांनी इथं साधना केली ही वारकऱ्यांची श्रद्धा, आणि कातळातल्या गुहांत आजही साधक बसतात. पायथ्याशी एमआयडीसीचा दुसरा टप्पा. २००८ मध्ये एका रासायनिक कंपनीच्या संशोधन केंद्राविरुद्ध वारकरी इथं रस्त्यावर उतरले, ते कित्येकांना आठवत असेल. शेवटी ते केंद्र झालं नाही. मी उद्योजक आहे, मला कारखाने हवेत. तरी त्या वेळी डोंगराचा, गुहांचा, पाण्याच्या टाक्यांचा एक नीट मोजलेला नकाशा दोन्ही बाजूंच्या टेबलावर असता, तर निम्मी भांडणं टेबलावरच मिटली असती असं मला अजून वाटतं.

उद्या सकाळी आपण तिथंच जाणार आहोत, म्हणून थोड्या सूचना. गाड्या बरोबर सहाला सुटतील, हॉलच्या मागच्या गेटवरून. पुढच्या गेटला शिफ्टच्या बसेस लागतात, तिथं थांबू नका. पाण्याची बाटली आणि विजेरी जवळ ठेवा. अत्तर, सेंट काही लावू नका आणि वर कोणी बिडी-सिगारेट पेटवू नका. कड्याला आग्या मोहोळं असतात, ती उठली तर पळायला जागा नाही. गुहेत साधक बसलेले असतील तर विचारल्याशिवाय आत जायचं नाही, फोटोही काढायचा नाही. मोजायची यंत्रं उद्या गाडीतच राहतील, परवानगी मिळेल तेव्हा वेगळे येऊ. पायऱ्या मात्र मोजा. खाली उतरल्यावर प्रत्येकानं आपला आकडा वहीत लिहायचा, आणि पहिली पायरी कुठली धरली तेही.

गाड्यांच्या याद्या नोंदणीच्या टेबलाशी लावल्या आहेत. जेवण एक वाजता, भाकरी-पिठलं आणि चाकणचा कांदा. आता अध्यक्षांनी बोलावं, मी बसतो.